अरण्य, आकडे आणि माणूस

देशांतील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला म्हणजे वर्तमानपत्रांतून त्याचीं कोष्टकें छापून येतात. कोणत्या राज्यांत खून अधिक, कोणत्या शहरांत दरोडे अधिक, कोणता प्रांत शांत आणि कोणता भीतिदायक, याची चर्चा सकाळच्या चहाबरोबर घरोघर होते आणि दुपारपर्यंत विसरलीही जाते. विसरला जात नाहीं तो फक्त नकाशा. त्या नकाशांत जो जिल्हा काळ्या रंगानें दाखविलेला असतो, तेथील माणसांविषयीं एक मत मनांत कायमचें घर करून राहतें. महाराष्ट्राच्या पूर्वेस, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या कांठीं पसरलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांच्या वांट्याला असेंच मत आलेलें आहे. गडचिरोलीस बदली झाली असें सांगतांच पुण्या-मुंबईच्या घरांत चिंतेचें वातावरण पसरतें. आणि जणूं कांहीं त्या अरण्याच्या मातींतच हिंसा उगवते, अशा समजुतीनें माणसें बोलूं लागतात.

ही समजूत कितपत खरी आहे? एकाच देशांत, एकाच दंडविधानाखालीं राहणाऱ्या निरनिराळ्या प्रदेशांत रक्तपाताचें प्रमाण इतकें वेगळें कां असावें? हा भेद माणसांच्या स्वभावांत आहे, भूमींत आहे, राज्यकारभारांत आहे, कीं केवळ नोंदवहींत आहे? प्रश्न वरवर पाहतां विद्वानांच्या वादाचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावरून एखाद्या जिल्ह्यांत शाळा आधीं जाईल कीं बंदूक आधीं जाईल, हें ठरत असतें. म्हणून त्याचा विचार सावकाशपणें होणें अगत्याचें आहे.

या विचाराचा आरंभ युरोपांत झाला. फ्रान्सच्या सरकारनें १८२५ सालापासूनच्या फौजदारी खटल्यांचीं कोष्टकें जिल्हावार छापण्यास प्रारंभ केला. आंद्रे-मिशेल गेरी या कायदेपंडितानें तीं कोष्टकें घेऊन १८३३ सालीं फ्रान्सचे नकाशे रंगविले. त्यांतून दोन गोष्टी पुढें आल्या. माणसाच्या शरीरावर होणारे गुन्हे दक्षिणेकडे अधिक होते, तर मालमत्तेविरुद्धचे गुन्हे संपन्न व उद्योगी उत्तरेकडे अधिक होते. दुसरी गोष्ट त्याहूनही चमत्कारिक. जेथें शिक्षण अधिक तेथें गुन्हे कमी, ही तत्कालीन सुशिक्षितांची आवडती समजूत त्या नकाशांनीं खोटी ठरविली. त्याच सुमारास बेल्जियमचा ज्योतिर्विद् आदोल्फ केतले यानें दाखवून दिलें कीं, असल्या आंकड्यांत वर्षानुवर्षें एक विलक्षण स्थैर्य असतें. गुन्हेगार बदलतात, संख्या फारशी बदलत नाहीं. अर्थात् गुन्ह्याचें मूळ केवळ व्यक्तीच्या दुष्टपणांत नसून समाजाच्या घडणींतही असलें पाहिजे, असें अनुमान त्यानें काढलें. आज दोनशें वर्षें होत आलीं, तरी या विषयाचा पाया तोच आहे.

आतां आपल्या देशाकडे वळावें. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत २८,५२२ खून नोंदले गेले. त्यांपैकीं सर्वाधिक, म्हणजे ३,४९१, उत्तर प्रदेशांत, महाराष्ट्रांत २,२९५. एवढेंच वाचणारा मनुष्य उत्तर प्रदेश हा सर्वांत हिंसक प्रांत, असा निर्णय देऊन मोकळा होईल. परंतु लोकसंख्येनें भागून पाहिलें असतां चित्र पालटतें. एक लाख लोकांमागें देशाची सरासरी २.१ खून, महाराष्ट्राची सुमारें १.८ आणि उत्तर प्रदेशाची सुमारें १.५ निघते! उलट, एकूण संख्येनें मागें असलेल्या झारखंडांत हें प्रमाण चारच्या घरांत जातें. जागतिक मापानें पाहिलें तर संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं साऱ्या जगांत लाखामागें सुमारें ५.८ माणसें हेतुपुरस्सर मारलीं गेलीं. तेव्हां भारत हा देश या बाबतींत सरासरीच्या पुष्कळच खालीं आहे. पण सरासरी ही झांकण्यासारखी वस्तु आहे. तिच्याखालीं शांत आणि अशांत असे दोन्ही प्रदेश एकत्र दडलेले असतात.

दुसरी अडचण नोंदीची. केरळांत एकंदर नोंदलेल्या गुन्ह्यांचें प्रमाण देशांत अत्यंत वरचें दिसतें. परंतु तेथील खुनांचें प्रमाण मात्र लाखास एकाच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. याचा उलगडा कठीण नाहीं. जेथें लोक साक्षर आहेत, पोलीस ठाणें जवळ आहे, आणि फिर्याद नोंदविण्यास फारशी भीति वाटत नाहीं, तेथें नोंदवही भरते. जेथें ठाणें दूर, भाषा परकी आणि जाण्या-येण्यांत दिवसाची मजुरी बुडणारी, तेथें नोंदवही रिकामी राहते. पण रिकामी नोंदवही म्हणजे निर्भय गांव नव्हे. म्हणूनच प्रदेशाप्रदेशांची तुलना करतांना जाणते लोक चोरी, मारहाण किंवा विनयभंग यांच्या आंकड्यांवर फारसे विसंबत नाहींत. खुनाचा आंकडाच त्यांतल्या त्यांत विश्वसनीय मानतात. कारण मारहाण लपवितां येते, प्रेत लपविणें अवघड असतें.

या दोन सावधगिऱ्या मनांत ठेवून चांद्याच्या अरण्यांत शिरावें. जुना चांदा जिल्हा हा महाराष्ट्रांतील अति विस्तीर्ण जिल्ह्यांपैकीं एक होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचे दोन भाग होऊन पूर्वेचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. एकाच घरांतून निघालेल्या या दोन भावंडांची प्रकृति मात्र अगदीं भिन्न आहे. चंद्रपुराकडे कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, विजेचें प्रचंड केंद्र आणि राजुरा-कोरपन्याकडील सिमेंटचे कारखाने. २०११ च्या जनगणनेप्रमाणें लोकसंख्या सुमारें बावीस लाख, त्यांतील तृतीयांशाहून अधिक शहरवासी. गडचिरोलीचें क्षेत्र चंद्रपुराहून मोठें, चौदा हजार चौरस किलोमीटरांवर. पण माणसें अवघीं १०,७२,९४२. चौरस किलोमीटरास चंद्रपुरांत १९३ माणसें, गडचिरोलींत ७४, आणि सबंध महाराष्ट्रांत ३६५. गडचिरोलीच्या भूमीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अरण्यानें व्यापलेला आणि दहांतील जवळजवळ चार माणसें आदिवासी. भामरागड हें तालुक्याचें ठिकाण जिल्ह्याच्या मुख्य शहरापासून दीडशें किलोमीटरांहून अधिक लांब. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे त्याचा जगाशीं संबंधच तुटतो.

गेरीनें फ्रान्सच्या नकाशावर पाहिलेला भेद येथेंही मनांत आणण्यासारखा आहे. खाणी, कारखाने, नवी वस्ती आणि खेळता पैसा जेथें आहे, तेथें मालमत्तेच्या गुन्ह्यांना वाव अधिक. जेथें चोरण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, तेथें जो गुन्हा घडतो तो बहुधा माणसामाणसांतील रागाचा असतो. तथापि एवढ्यावरून अरण्यांतील माणूस अधिक रागीट, असें म्हणण्याची घाई करूं नये. येथें लोकसंख्येचा विरळपणा एक फसवें गणित निर्माण करतो. भामरागड तालुक्याची लोकसंख्या २०११ सालीं चाळीस हजारांहूनही कमी होती. अशा तालुक्यांत वर्षांत एकच खून झाला, तरी लाखामागें प्रमाण अडीचाच्या वर जातें, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक! पुढच्या वर्षीं एकही झाला नाहीं, तर तोच तालुका देशांतील सर्वांत शांत ठरतो. माणसें तींच, गांवें तींच. बदलला तो केवळ एक प्रसंग. लहान लोकसंख्येचा एका वर्षाचा आंकडा पाहून तिच्या स्वभावाविषयीं निर्णय देणें म्हणजे एका दिवसाच्या तापावरून माणसाची प्रकृति ठरविण्यासारखें आहे.

असें असलें तरी गडचिरोलीच्या भूमीवर रक्त सांडलेलें आहे, आणि पुष्कळ सांडलेलें आहे, हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. फक्त तें कोणत्या कारणांनीं सांडलें, याचे निरनिराळे प्रवाह ओळखले पाहिजेत.

पहिला प्रवाह साध्या भांडणाचा. २०२२ सालच्या देशांतील खुनांपैकीं ९,९६२, म्हणजे शंभरांतील सुमारें पस्तीस, तंटेबखेड्यांतून झाले असें अहवाल सांगतो. लाभासाठीं झालेले खून १,८८४, म्हणजे शंभरांत सातही भरत नाहींत. कथाकादंबऱ्यांतील थंड डोक्याचा खुनी प्रत्यक्षांत दुर्मिळच. शेताचा बांध, वडिलार्जित वांटणी, घरांतील अपशब्द, दारूच्या भरांत उगारलेली कुऱ्हाड, यांतूनच बहुतेक प्रेतें पडतात. गडचिरोलीस लागून असलेल्या बस्तर संस्थानांत व्हेरिअर एल्विन यांनीं याच विषयाचा अभ्यास केला. गव्याच्या शिंगांचा मुकुट घालून नाचणाऱ्या मारियांमधील खुनाच्या शंभर खटल्यांचे कागद त्यांनीं तपासले आणि १९४३ सालीं ‘मारिया मर्डर अँड सुइसाइड’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दारू, स्त्रीविषयींचा संशय, घरांतील कलह, मालमत्तेचा तंटा, जादूटोण्याचा वहीम अशीं कारणें त्यांना आढळलीं. इतकेंच नव्हे, तर दिवसभराच्या श्रमानें थकून भुकेल्या पोटीं घरीं आलेल्या माणसाचा तोल क्षुल्लक कारणानें कसा जातो, याचीही त्यांनीं दखल घेतली. परंतु त्यांच्या ग्रंथाचा खरा धडा वेगळाच आहे. शेजारींच राहणारे, त्याच गोंड कुळांतले मुरिया लोक. त्यांच्यांत असे खून फारच कमी आढळले. अरण्य तेंच, वंश जवळचाच, दारूही तीच. तरी एका समाजांत रक्तपात अधिक आणि दुसऱ्यांत कमी! मग हिंसा अरण्यांत किंवा वंशांत कशी शोधावी?

दुसरा प्रवाह वहिमाचा. एखाद्या घरांत लागोपाठ मुलें दगावतात, ढोरें मरतात, धडधाकट माणूस अंथरूण धरतो. कारण सांगणारा वैद्य जवळ नसतो, आणि पुजारी कोणा एका म्हातारीकडे बोट दाखवितो. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यांतील वणी खुर्द येथें भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकांत खांबांना बांधून मारण्यांत आलें. मार खाणारीं कुटुंबें दलित होतीं. म्हणजे हा रोग केवळ आदिवासींचा नव्हे. २०२४ च्या मे महिन्यांत गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यांत एका स्त्रीला व एका पुरुषाला याच संशयावरून मारहाण करून जाळण्यांत आलें. अशा गुन्ह्यांत सारें गांव मारणाऱ्यांच्या बाजूला असतें, आणि म्हणून साक्षीदार मिळत नाहींत. जीव गेला तरच प्रकरण बाहेर येतें. जीं स्त्री वर्षानुवर्षें गांवाबाहेर टाकली जाते, जिला विहिरीवर पाणी भरूं दिलें जात नाहीं, ती कोणत्याही कोष्टकांत दिसत नाहीं.

या वहिमाविरुद्ध महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठीं अनेक वर्षें झटणारे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजीं झाला, आणि त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत सरकारनें वटहुकूम काढला. तो खून कोठें झाला? एटापल्लीच्या रानांत नव्हे. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरीं, प्रातःकाळीं, ओंकारेश्वराच्या पुलावर. जंगलाकडे बोट दाखविणाऱ्या शहरवासीयानें ही गोष्ट आठवणींत ठेवलेली बरी.

तिसरा प्रवाह युद्धाचा. तत्कालीन आंध्र प्रदेशांतून नक्षलवाद्यांच्या पहिल्या तुकड्या १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून सिरोंच्याच्या बाजूस आल्या. तेंदूपानांची आणि बांबूची मजुरी, वनखात्याच्या व ठेकेदारांच्या माणसांची अरेरावी, सरकारी नोकरांची लांचखोरी, या खऱ्या दुःखांवर त्यांनीं पाय रोवला. आणि हळूहळू त्याच आदिवासींवर बंदुकीचा अंमल बसविला. १९९० सालीं स्थानिक तरुणांतून सी-साठ हें पोलिसांचें विशेष दल उभारण्यांत आलें. तेव्हांपासून मारणारा माडिया किंवा गोंड, मरणारा शिपाई माडिया किंवा गोंड, आणि खबऱ्या म्हणून रात्रीं घरांतून ओढून नेला गेलेला शेतकरीही माडिया किंवा गोंड, अशी स्थिति अनेक वेळां आली. २००९ सालीं १ फेब्रुवारीस मरकेगांव येथें पंधरा, २१ मेस हत्तीगोटा येथें पांच महिलांसह सोळा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथें सतरा पोलीस मारले गेले. या तीन दिवसांचे अठ्ठेचाळीस मृत्यु गडचिरोलीच्या लोकसंख्येनें भागले, तर लाखामागें साडेचाराच्या आसपास प्रमाण येतें. म्हणजे तीन दिवसांनींच त्या जिल्ह्याला देशाच्या २०२२ सालच्या सरासरीच्या दुपटीवर नेऊन ठेविलें. हेच अठ्ठेचाळीस मृत्यु मुंबईंत घडले असते, तर तेथील प्रमाण लाखामागें अर्ध्यानेंही वाढलें नसतें.

येथें नोंदवहीचा आणखी एक विशेष ध्यानांत येतो. नक्षलवाद्यांनीं मारलेला पोलीस अथवा शेतकरी खुनाच्या रकान्यांत जातो. परंतु पोलिसांशीं झालेल्या चकमकींत पडलेला मनुष्य सामान्यतः त्या रकान्यांत जात नाहीं. २२ एप्रिल २०१८ रोजीं बोरिया-कसनासूर येथें आणि त्यानंतरच्या चकमकींत मिळून चाळीस नक्षलवादी मारले गेले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं मर्दिनटोल्याच्या जंगलांत पंचवीसांहून अधिक. अरण्याच्या दृष्टीनें हे सर्व मृत्यूच. आयांच्या दृष्टीनेंही मृत्यूच. कायद्याच्या दृष्टीनें मात्र त्यांची वर्गवारी वेगळी. कायद्याला तशी वर्गवारी करावीच लागते, यांत वाद नाहीं. परंतु ‘येथें किती हिंसा आहे’ या प्रश्नाचें उत्तर केवळ खुनाच्या रकान्यानें पूर्ण मिळत नाहीं, हें वाचणाऱ्यानें जाणलें पाहिजे.

वर्गवारी काळाप्रमाणें बदलते, याचे दाखले याच भूमींत आहेत. १८५८ सालीं मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांत तारखात्याचे दोन इंग्रज नोकर मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत बाबूरावांना फांशी देण्यांत आली. इंग्रजी दप्तरांत ती बंडखोराला दिलेली देहान्ताची सजा होती. आज त्याच चंद्रपुरांत त्यांना हुतात्मा म्हणून हार घातले जातात. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं चिमूर येथें लोकांवर गोळीबार झाला, आणि खवळलेल्या जमावानें उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार यांच्यासह सरकारी माणसांना ठार केलें. नंतर लष्करानें गांवावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भन्साळी यांनीं त्रेसष्ट दिवसांचें उपोषण केलें. त्या वर्षीच्या चांदा जिल्ह्याच्या खुनांच्या आंकड्यांत अधिकाऱ्यांचे मृत्यु आलेच असणार; स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद त्याच तोलानें झाली असेल, असें कोण म्हणेल? तात्पर्य, गुन्ह्याचा आंकडा हा समाजाचा आरसा खरा. पण तो आरसा कोणाच्या हातांत आहे, हेंही पाहावें लागतें.

दारूच्या प्रश्नांतही हेंच दिसून येतें. डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं आणि गांवोगांवच्या स्त्रियांनीं चालविलेल्या चळवळीनंतर गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती १ एप्रिल २०१५ पासून लागू झाली आणि २०२१ सालीं उठविण्यांत आली. उठवितांना सरकारनें अवैध दारू व गुन्हेगारी वाढल्याचें कारण दिलें. बंदीच्या पुरस्कर्त्यांनीं पिण्याचें प्रमाण घटल्याकडे बोट दाखविलें. एकाच जिल्ह्याच्या आंकड्यांतून दोन विरुद्ध निष्कर्ष कसे निघाले? कारण बंदी आली कीं बाटली बाळगणें हाच नवा गुन्हा होतो, आणि त्याच्या खटल्यांनीं एकंदर गुन्ह्यांची संख्या फुगते. उलट, नवरा पिऊन आला नाहीं म्हणून ज्या घरांत त्या रात्रीं मारहाण झाली नाहीं, ती न घडलेली मारहाण कोणीही मोजीत नाहीं. बंदी योग्य कीं अयोग्य, हा निराळा वाद; पण तो एकंदर गुन्ह्यांच्या बेरजेवर सोडवूं पाहणें चुकीचें आहे. घरांतील मारहाण, अपघात, खून आणि दारूचे खटले यांचे हिशेब वेगवेगळे मांडल्यावांचून त्या चर्चेला अर्थ येत नाहीं.

मग प्रदेशाप्रदेशांतील भेदाचें कारण शेवटीं कोठें आहे? गडचिरोलीचाच इतिहास त्याचें उत्तर देतो. १९८० पूर्वीं ज्या गांवांत बंदुकीनें माणूस मेल्याचें क्वचित् ऐकूं येई, त्याच गांवांनीं पुढें तीन दशकें रोज दहशत भोगली. ऑक्टोबर २०२५ मध्यें मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती हा या चळवळीचा प्रमुख नेता साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलींत शरण आला. आणि त्यापूर्वींच तेथील रक्तपात पूर्वीच्या मानानें पुष्कळ ओसरला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हिंसा चढली आणि उतरली. तेवढ्या अवधींत माडियांचें रक्त बदललें नाहीं, अरण्यही नाहींसें झालें नाहीं. जें स्थिर राहिलें तें, जें चढलें-उतरलें त्याचें कारण असूं शकत नाहीं. कारण शोधावयाचें तें बदलणाऱ्या गोष्टींत: अन्यायाची दाद जवळ मिळते कीं नाहीं, जमिनीचा व जंगलाचा हक्क कोणाचा, आजाराला औषध आहे कीं नाहीं, आणि बंदूक बाळगणारे किती.

या प्रत्येक बाबतींत त्याच भूमींत घडलेलीं चांगलीं उदाहरणें आहेत. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गांवानें एकमतानें निर्णय करण्याची रीत पाडली, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें २००९ सालीं आपल्या भोंवतालच्या अरण्यावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना झाली. ज्या बांबूसाठीं पूर्वीं वनरक्षकापुढें हात जोडावे लागत, तो बांबू ग्रामसभा स्वतः विकूं लागली. ठेकेदाराचा आणि बंदूकवाल्याचा, दोघांचाही आधार तेथें सुटला. हेमलकसा येथें १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना चालूं आहे. बंग दांपत्यानें खेड्यांतील स्त्रियांनाच नवजात अर्भकांची निगा शिकविली, आणि त्यामुळें नवजात अर्भकांच्या मृत्यूंचें प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचा त्यांचा अहवाल १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाला. ही गोष्ट सामान्यतः आरोग्याच्या सदरांत मोडते. परंतु ज्या घरांत मूल दगावत नाहीं, त्या घराला चेटकीण शोधण्याचें कारणही उरत नाहीं. अर्भक वांचविणारी सुईण त्याच वेळीं कदाचित् शेजारच्या म्हातारीचाही जीव वांचवीत असते. फक्त तिच्या कामाची नोंद पोलिसांच्या अहवालांत होत नाहीं.

पोलीस नकोत, न्यायालय नको, असा याचा अर्थ नव्हे. जिवतीच्या चौकांत खांबाला बांधलेल्या वृद्धांना त्या क्षणीं पोलिसांवांचून दुसरा त्राता नव्हता. पण पोलीस ठाण्यापर्यंत वाट हवी, तेथें आपली भाषा समजणारा माणूस हवा, आणि खटला चालावयाचा तर साक्षीदाराला तीन दिवसांची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गांवीं जावें लागूं नये. ज्याला न्याय जवळ मिळतो, त्याला कुऱ्हाड उचलण्याची गरज कमी पडते. राजधानींत बसून ज्या प्रदेशाला ‘हिंसक’ म्हटलें जातें, त्याच्याकडे अधिक बंदुका पाठविल्या जातात. ज्याला ‘उपेक्षित’ म्हटलें जातें, त्याच्याकडे कधीं कधीं डॉक्टर आणि न्यायाधीश पाठविले जातात. एका विशेषणानें एवढा फरक पडतो.

यापुढें गुन्ह्यांचें वार्षिक कोष्टक हातीं आलें, तर सुशिक्षित वाचकानें तीन प्रश्न विचारावेत. ही संख्या किती माणसांमागें आहे? कोणत्या घटना तींत धरल्या आहेत आणि कोणत्या वगळल्या आहेत? आणि मागील दहा-वीस वर्षांत ती चढली कीं उतरली? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून कोणत्याही जिल्ह्याच्या माणसांविषयीं मत बनवूं नये. भामरागडच्या शाळेंतून शिकून पुण्याच्या वसतिगृहांत पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या माडिया मुलाला, आपण कोणत्या जिल्ह्याचे हें सांगतांना संकोच वाटूं नये, एवढें तरी त्या कोष्टकाचें नीट वाचन करणाऱ्यांच्या हातीं निश्चित आहे.